परदेशी नर्तक मुलं सांगलीत येतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की आमचे फोन वाजायला लागतात. "यंदा कुठली मुलं येणार?", "आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे, चालेल का?", "घुंगरू विमानात नेऊ देतात का हो?" सांगली-मिरजेतले दोन कथकचे क्लास, एक भरतनाट्यमचा आणि एका शाळेचं लेझीम पथक, असे आम्ही काही जण मिळून परदेशातल्या चौदा ते वीस वर्षांच्या नर्तकांना दहा दिवस इथे बोलावतो. जमेल तेव्हा आपली मुलं तिकडे पाठवतो. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवली आहेत. मध्ये मध्ये माझी मतं घुसली आहेत. ती काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

ही स्पर्धा आहे का? नंबर कसे काढता?

नंबर नाहीत, ट्रॉफी नाही, प्रमाणपत्रही नाही. प्रमाणपत्रावरून पालक नाराज होतात, पण त्यामागे एक व्यवहाराचं कारण आहे. येणारी मुलं बहुतेक वेळा भारताच्या ई-पर्यटक व्हिसावर येतात. त्या व्हिसावर नृत्य, संगीत, भाषा असं काही थोड्या दिवसांसाठी शिकता येतं, पण ते पदवी-पदविकेसारखं रीतसर शिक्षण असून चालत नाही आणि पात्रतेचं प्रमाणपत्र देता येत नाही. मग आपल्या मुलांना द्यायचं आणि पाहुण्यांना नाही, हे बरं दिसत नाही. तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल तर व्हिसाचा प्रकारच वेगळा लागू शकतो, तेव्हा गटाने आपल्या देशातल्या भारतीय दूतावासाला आधी लेखी विचारावं. आम्ही तिकीट लावत नाही.

पुण्या-मुंबईला सोडून सांगलीत कशाला येतील ती?

हा प्रश्न सांगलीकरच विचारतात, बाहेरचे कधी विचारत नाहीत!

आपण 'नाट्यपंढरी' म्हणून मिरवतो ते कशामुळे, ते आठवा. कर्नाटकातून एक भागवत मंडळी खेळ घेऊन सांगलीत आली. तो खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिला आणि असं काही आपल्याकडे करून दाखव, असं विष्णुदास भाव्यांना सांगितलं. त्यातून १८४३ साली 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं राहिलं. म्हणजे बाहेरून आलेल्यांचा खेळ बघायचा, आणि त्यातून आपलं काहीतरी करायचं, ही या गावाची जुनी खोड आहे. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो तो त्याच खोडीचा.

मिरजेला तर मुलांना नेलंच पाहिजे. सतारमेकर गल्लीत भोपळा कापून, वाळवून त्याचा तंबोरा कसा होतो हे बघताना एका मुलीने विचारलं, "हा खातात का?" कारागीर म्हणाले, "हा कडू. गोड असता तर वाजला नसता." खरंखोटं त्यांनाच ठाऊक, पण मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. पलुस्कर बुवा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेतच गाणं शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. आपल्या मुली प्रवेशिका, मध्यमा, विशारदच्या ज्या परीक्षा देतात, त्या घेणाऱ्या मंडळाचं कार्यालयही मिरजेतच आहे.

दहा दिवस नक्की काय करता?

पहिले चार दिवस स्टेजचं नाव काढायचं नाही, हा एकमेव नियम. सकाळी ते आपल्याला शिकवतात, संध्याकाळी आपण त्यांना. मधल्या वेळात जेवण, झोप आणि कॅरम.

कंटाळवाणं वाटेल, पण सगळी मजा या चार दिवसांतच असते. उदाहरण सांगते. युरोपातल्या डान्स स्टुडिओत आठाच्या हिशोबाने मोजतात. आठ झाले की वाक्य संपलं. आपल्याकडे वाक्य संपतं ते पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तीनताल सोळा मात्रांचा, पण तिहाई (तोच तुकडा तीनदा) सतराव्या मात्रेवर पडते, आणि ही सतरावी म्हणजेच नव्या आवर्तनाची पहिली. पाहुण्या मुली दर वेळी सोळावर हात वर करून थांबायच्या आणि आपल्या मुली पुढच्या थापेवर. एका मात्रेचा फरक, पण रांगेत तो असा दिसतो की दोन गट भांडून वेगळे झालेत.

शेवटी आमच्या तबलजींनी सोपी युक्ती काढली. घरी टाळी देऊन बघा. 'एक दोन तीन चार पाच' म्हणायचं, एक मात्रा गप्प राहायचं, पुन्हा पाच, पुन्हा एक गप्प, पुन्हा पाच. समेपासून सुरू केलं तर शेवटचा 'पाच' बरोबर पुढच्या समेवर येतो. पाच, एक, पाच, एक, पाच: झाले सतरा. पाहुण्या मुलांनी हे आपल्या भाषेतल्या आकड्यांत म्हटलं आणि पहिल्यांदा सगळे एकत्र थांबले. त्या थापेनंतर जो आरडाओरडा झाला, त्याने खालच्या मजल्यावरचे शिकवणीवाले सर वर आले.

दुसरं उदाहरण सातांचं. ग्रीसचा कलामातियानोस नाच सात मात्रांचा असतो: आधी तीन, मग दोन, मग दोन. पहिलं पाऊल लांब, पुढची दोन आखूड. तबलजींनी एकदा ऐकलं, मान डोलावली आणि वाजवायला लागले, 'ती ती ना, धी ना, धी ना'. आपला सात मात्रांचा रूपक ताल! जसाच्या तसा. दुसऱ्या एका वर्षी बल्गेरियाची मुलं आली. त्यांची राचेनित्साही सातांचीच, पण तिथे आधी दोन, मग दोन आणि तीन शेवटी. 'धी ना, धी ना, ती ती ना'. आता आमच्या मुलींची गंमत झाली. ठेका ओळखीचा, पण पाय चुकीच्या ठिकाणी पडायचे. एक विशारद झालेली मुलगी दोन दिवस रडकुंडीला आली होती. "मॅडम, मला सात येतात हो, पण हे सात येत नाहीत." तिला ते तिसऱ्या दिवशी आलं, आणि मग तिचा रूपकही आधीपेक्षा चांगला झाला. हे मी बघितलेलं आहे.

माझा मुलगा फक्त शाळेच्या लेझीम पथकात आहे. त्याला यात जागा आहे का?

आहे. किंबहुना हवाच आहे. कथकचा एक तुकडा दहा दिवसांत कुणालाच नीट येत नाही, पण लेझीमचे चार आवाज अर्ध्या तासात येतात आणि लगेच गंमत वाटायला लागते. शिवाय 'एक जागा', 'पवित्रा' अशा हुकमांना भाषांतर लागत नाही. हलगी सुरू झाली की कुठल्याही देशातलं मूल खांदे हलवायला लागतं, यात अपवाद अजून दिसलेला नाही.

एक सूचना. लेझीमची साखळी नवख्याच्या बोटात हमखास चिमटते. पहिल्या दिवशी हातमोजे नाहीत तर निदान बोटांना चिकटपट्टी.

मुलं-मुली हात धरून नाचतात म्हणे. आमच्या घरी हे चालणार नाही.

असा फोन वर्षाला चार-पाच वेळा येतो आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पूर्व युरोपातले पुष्कळसे लोकनाच गोलात किंवा साखळीत होतात. हात शेजारच्याच्या हातात, कधी खांद्यावर, कधी शेजारच्याच्या कमरपट्ट्यात. जोडीचे नाचही असतात. आम्ही तालमीत गोलाचे नाच घेतो आणि कुणी कुणाशेजारी उभं राहायचं हे मुलं ठरवतात. ज्याला हात धरायचा नाही, त्याने रुमालाचं एक टोक धरायचं. ही सोय आम्ही शोधलेली नाही. त्यांच्याकडेही गोलाच्या पुढाऱ्याच्या हातात रुमाल असतो.

एकदा उलटच झालं. आमच्या मुलींनी फुगडी दाखवली. हातांची कैची, पाय जवळ, अंग मागे टाकून गरगर. पाहुण्या मुलींनी न शिकवता तश्शीच पकड घेतली, कारण त्यांच्याकडेही तसं गरगर फिरतात. दोघींनी इतका वेग घेतला की आमच्याच पोरीला भोवळ आली. कुणाच्याही आईची यावर तक्रार आली नाही. पकड तीच होती.

ते बूट घालून स्टेजवर नाचतात. आपल्याला ते कसं चालतं?

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी आम्हालाच चाललं नाही. रंगमंचाला नमस्कार करून वर जायचं, पायात काही नाही, कोपऱ्यात नटराज. आणि समोर सोळा मुलं टाचेच्या बुटांनी ताडताड करत चढली. आमच्या एका ज्येष्ठ बाईंनी तिथल्या तिथे "बूट काढा" म्हणून सांगितलं. मुलांनी मुकाट्याने काढले आणि मोज्यांवर नाचली. नाच मेला. त्या नाचाचा अर्धा ताल बुटाच्या टाचेतच असतो. आपण घुंगरू काढून कथक करावं, तसं झालं.

रात्री त्या बाईच म्हणाल्या, "चुकलं गं माझं. त्यांचे घुंगरू पायात होते, मी ते काढायला लावले." तेव्हापासून नटराजाची मूर्ती आणि वाद्यं स्टेजच्या एका बाजूला, चौरंगावर. बूट फक्त नाचाचे, रस्त्यावर न घातलेले. आणि वाद्याला पाय लागू द्यायचा नाही हे पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं, म्हणजे नंतर कुणी कुणाकडे डोळे वटारत नाही.

उलट बाजूही बघा. त्यांना लाकडी, किंचित लवचीक जमिनीची सवय असते आणि आपला क्लास शहाबादी फरशीवर. अनवाणी तत्कार करायला लावला की दुसऱ्या दिवशी तळव्यांना फोड आणि नडग्या ठणकतात. पहिल्या दिवशी पाऊण तासाच्या वर पाय आपटायला लावू नका.

आमच्या घरी दोन मुलींना ठेवून घ्यायची इच्छा आहे. काय काय करावं लागेल?

स्वच्छ बाथरूम, दाराला आतून कडी असलेली खोली आणि घरात एक तरी मोठी बाई कायम हजर. एसी लागत नाही, मच्छरदाणी लागते. मुलं नेहमी दोघं-दोघं राहतात, एकटं मूल कुणाच्या घरी ठेवत नाही. हा नियम कितीही ओळखीचं घर असलं तरी मोडत नाही, तेव्हा कृपया राग मानू नका.

परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. हॉटेलला लागू आहे तसंच घरालाही. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयातून चालतं. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या प्रती आम्ही आधीच मागवून ठेवतो आणि नोंद करायला सोबत बसतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त "उद्या करू" म्हणायचं नाही.

आता स्वयंपाकघर. तिखटाची काळजी सगळेच करतात. ती करू नका, मुलं दही मागून घेतात. काळजी शेंगदाण्याची करा. आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं ते सांगा! कोशिंबीर, भरली वांगी, उसळ, साबुदाण्याची खिचडी, पालेभाजी, चटणी, वर शेंगदाणा तेलाची फोडणी. काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतणारी असते. एका वर्षी फॉर्मवर एका मुलाच्या नावापुढे हे लिहिलेलं होतं. यजमान काकूंनी कूट टाकणं बंद केलं, पण काकडीची कोशिंबीर ज्या पळीने वाढली, ती आधी दाण्याच्या चटणीत बुडालेली होती. मुलाचे ओठ सुजले. त्याच्याजवळ मांडीत टोचायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन होतं, ते त्याने स्वतः घेतलं आणि तरीही आम्ही त्याला थेट दवाखान्यात नेलं, कारण इंजेक्शननंतर त्रास परत उसळू शकतो. तेव्हापासून असं मूल ज्या घरी जाईल तिथलं कूट, चटणी, चिक्की दहा दिवस शेजारणीकडे मुक्कामाला. १०८ नंबर फ्रिजवर चिकटवलेला हवा.

तुम्ही लावणी शिकवता का?

शिकवतो, आणि दर वर्षी कुणीतरी भुवया उंचावतं. हा पठ्ठे बापूरावांचा जिल्हा आहे. रेठरे हरणाक्ष वाळव्यातच येतं. कवलापूरचे काळू-बाळू इथलेच, वाटेगावचे अण्णाभाऊ इथलेच. तमाशाच्या मुलखात राहून पाहुण्यांपासून लावणी लपवायची हा कसला संकोच? मात्र शिकवायला लावणी करणारी कलावंतच येते, सिनेमातलं गाणं लावून आम्ही शिकवत नाही. बसून करायची अदा, डोळ्यांचं बोलणं आणि ढोलकीशी सवाल-जवाब, एवढं दोन दिवसांत. नऊवारी शिवलेली नको, नेसवलेली हवी, म्हणजे पाऊल का तसं पडतं ते कळतं.

गजीनृत्यवाले (धनगरांचा ढोलावरचा नाच), हलगीवाले यांना बोलावता तेव्हा त्यांना काय देता?

पैसे. ठरवून, आधी, आणि शहरातल्या नृत्यशिक्षकाला तासाला जेवढे देतो तेवढेच.

यावर जरा चिडूनच लिहिते. परदेशी पाहुणे आले की लोककलावंतांना "तुमची कला जगापुढे येईल" म्हणून बोलवायचं, ट्रॅक्टर नाहीतर टेम्पोतून आणायचं आणि शाल-नारळावर बोळवण करायची, हे मी एका मोठ्या समारंभात डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी आटपाडीकडून आलेल्या धनगर मंडळींचा दिवसाचा रोजगार बुडाला होता आणि जेवणाच्या पंक्तीत त्यांना शेवटी बसवलं होतं. आम्ही ते टाळतो. शक्यतो मुलांनाच तिकडे नेतो. ढोल मधोमध, भोवती पांढऱ्या घोळदार अंगरख्यातली, फेटे बांधलेली माणसं, हातात रंगीत रुमाल, आणि पायाखाली माळाची माती. ग्रीक मुलांनी रुमाल बघितला आणि विचारायच्या आत रिंगणात शिरली. ढोलवाल्या आजोबांनी लय सोडली नाही, फक्त एका पोराच्या खांद्याला धरून त्याला वळवलं. ग्रीक गोल उजव्या हाताने सरकतो, इथे पोरगं सगळ्यांच्या उलट निघालं होतं.

शेवटच्या दिवशी फ्यूजन असतं का?

नसतं. दोन्ही गटांनी एकमेकांचा एक-एक नाच करून दाखवायचा, चुकला तर चुकला. दोन मिनिटं कथक, दोन मिनिटं त्यांचं, मग सगळे हात वर करून गोल फिरतात आणि मागे ड्रोनचा व्हिडिओ, हा प्रकार आम्ही दोनदा केला. फोटो छान आले. मुलांना काय आलं, असं विचारलं तर कुणालाच सांगता येईना.

फ्यूजन वाईट असतं असं नाही. तंजावरच्या मराठी दरबारात सरफोजीराजांच्या पदरी असलेल्या चार भावांनी भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला आजचा क्रम दिला, आणि त्याच दरबारात नृत्यासाठी मराठी रचनाही झाल्या. नर्तक उदय शंकर यांनी १९२३ मध्ये रशियन बॅले नर्तकी ॲना पाव्हलोव्हाबरोबर लंडनला राधा-कृष्ण नृत्य उभं केलं. आपल्या खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या मादाम मेनका आपला संच घेऊन १९३६ ला बर्लिनपर्यंत जाऊन आल्या. पण ही माणसं त्यात वर्षानुवर्षं बुडालेली होती. आपल्याकडे दहा दिवस आहेत, त्यातला एक प्रवासात जातो.

आपली मुलं बाहेर जाणार असतील तर तयारी कधी सुरू करायची?

आठ महिने आधी, पासपोर्टपासून. सांगली-सातारा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतात. अठराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तेवढाच मिळतो. त्यामुळे मोठ्या बहिणीचा दहा वर्षांचा पासपोर्ट बघून धाकटीचाही चालेल असं धरू नका. आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या दाखल्यावर एकसारखं आहे का ते आजच बघा. 'पाटील'चं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं, यात आमचा एक महिना गेलेला आहे.

युरोपातल्या शेंगेन देशांसाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दोन पानं कोरी हवीत आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा हवा. अर्ज प्रवासाच्या आधीच्या सहा महिन्यांत कधीही, पण किमान पंधरा दिवस आधी. एवढ्या शेवटच्या क्षणी जाऊ नका, भेटीच्या तारखाच मिळत नाहीत. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर दोन्ही पालकांची संमती लागते; वडील आखातात असतील तर त्यांची कागदपत्रं आधी मागवा.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच गटांना कुणी सांगत नाही. मोठ्यांसाठी शेंगेन व्हिसाचं शुल्क २०२४ पासून ९० युरो आहे. पण ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून, दुसऱ्या ना-नफा संस्थेच्या सांस्कृतिक कार्यक्रमाला जाणाऱ्या पंचवीस वर्षांपर्यंतच्या मुलांना हे शुल्क माफ आहे. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क मात्र द्यावं लागतं. यासाठी दोन्ही संस्थांची नोंदणीची कागदपत्रं आणि निमंत्रणपत्रात प्रत्येक मुलाचं नाव पाहिजे. वीस मुलांचे होतात किती, हिशोब करा.

'आंतरराष्ट्रीय महोत्सवा'चं निमंत्रण आलंय. खरं कसं ओळखायचं?

आधी खर्चाची वाटणी विचारा. लोकनृत्य महोत्सवांची सीओफ नावाची जागतिक संघटना आहे, १९७० मध्ये फ्रान्समधल्या कॉन्फोलां इथे सुरू झालेली. तिच्या महोत्सवांत साधारण पद्धत अशी, की येण्या-जाण्याचा खर्च गटाचा, आणि तिथलं राहणं, जेवण, फिरणं यजमानांचं. याच्या उलट जिथे माणशी 'सहभाग शुल्क' घेतात, हॉटेल त्यांच्याच मार्फत घ्यायला लावतात आणि प्रत्येक गटाला पहिला नंबर मिळतो, तिथे तुम्ही पाहुणे नसता, गिऱ्हाईक असता.

आमचीही फसगत झाली आहे. एका एजंटाच्या भरवशावर गेलो. महोत्सव म्हणजे एका मॉलमधला चौथरा निघाला, प्रेक्षक म्हणजे आमच्यानंतर नाचणारे. मुलांना त्याचं काही वाटलं नाही, ती सरकत्या जिन्यावर खूश होती. पालकांना तोंड दाखवताना आमची वाईट अवस्था झाली.

घुंगरू, लेझीम, हलगी विमानात नेता येतात का?

चेक-इन सामानात. शंभर-शंभर घुंगरांची जोडी हातातल्या पिशवीत असली की तपासणीच्या यंत्रावर काळा गोळा दिसतो आणि सगळी रांग थांबते. वजनाचा हिशोब आधी करा, पितळ जड असतं. लेझीमची साखळी कापडात घट्ट गुंडाळा. हलगीचं चामडं ही मोठी डोकेदुखी आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत कातडं, लाकूड, पिसं यांची कडक तपासणी होते आणि फॉर्मवर ते लिहावंच लागतं. आम्ही फायबरच्या पानाची हलगी नेतो. आवाज पत्र्यासारखा येतो, पण येतो.

मोरपीस नेऊ नका. कृष्णाच्या मुकुटातलं एक नाही आणि वासुदेवाची टोपी तर मुळीच नाही. गळून पडलेली पिसं देशात विकता येतात, पण मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे. वासुदेवासाठी आम्ही कागदाची टोपी केली, लांबून कळत नाही.

पाहुण्या गटाने क्लासला देणगी दिली तर घ्यायची का?

नाही. परदेशी देणगी घ्यायला संस्थेकडे केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०१० चा कायदा आहे, आणि रक्कम छोटी आहे म्हणून सुटका नाही. पाकीट हातात ठेवलं तर चहा पाजून परत करा.

दहावीचं वर्ष आहे. पाठवू का?

इथे आलेल्यांबरोबर संध्याकाळी दोन तास नाचायला, खुशाल. परदेशी जायला, नको.

पावसाळ्यात सुट्टी असते त्यांना. तेव्हा का नाही बोलावत?

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा काय करते हे ज्याने २०१९ चा पूर बघितला त्याला सांगायला नको. आयर्विन पुलाखालचा आकडा बघत दुसऱ्याची मुलं सांभाळण्याची आमची छाती नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक. अगदीच सप्टेंबरअखेर आले तर साताऱ्याकडून येताना कास दाखवता येतं.

मुलांचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकू का?

आपल्या मुलीचा, तिला विचारून. दुसऱ्याच्या मुलांचा, अजिबात नाही. पाहुण्या मुलांच्या पालकांनी कुठला फोटो चालेल ते लिहून दिलेलं असतं आणि बरेच जण 'कुठलाच नाही' असं लिहितात.

जाताना भेट काय द्यावी?

भडंग सगळे देतात. द्या, पण शेंगदाणे त्यातही आहेत, वर सांगितलेलं विसरू नका. साताऱ्याचे कंदी पेढे इथेच पोटभर खायला घाला. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, आणि विमानतळावर अडवलं तर "हा पेढा आहे हो" म्हणून कुणी ऐकत नाही. बेदाणे चालतात, नेता येतात आणि सांगलीचेच असतात.

आपली हळदही मुलं आवडीने नेतात. फक्त दोन पिशव्यांत, डब्यात घालून द्या. एका मुलीच्या बॅगेत पुडी फुटली आणि तिच्या आजीने भरतकाम केलेला पांढरा सदरा पिवळाधमक झाला. तिने तिकडून रडवेला फोटो पाठवला. आम्ही कळवलं, साबणाने घास आणि चार दिवस कडक उन्हात टाक, हळद उन्हाने उडते. तिने लिहिलं, इथे जानेवारीत ऊन नसतं. तो सदरा जूनपर्यंत पिवळाच होता.